विचार करायला चार दिवस

शांतपणे विचार करायचा असेल तर चार दिवस कुठेतरी बाहेर जाऊन ये, असं कुणी तुम्हाला सुचवलं तर आधी त्या माणसाकडे नीट बघून घ्या. तो स्वतः कधी कुठे गेलेला नसतो. मला हे सुचवलं आमच्या ह्यांनी, आणि मी मूर्खासारखी गेले. ज्यांना अजून कुणी असं पाठवलेलं नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

झालं असं, की आमच्या ऑफिसात स्वेच्छानिवृत्तीची दुसरी फेरी आली. यातला स्वेच्छा हा शब्द कुणी घातला ते शोधून काढायला हवं. इच्छा सगळ्यांची होती, माझी सोडून. सासूबाई गणपतीत घसरून पडल्या तेव्हापासून अंथरुणात होत्या. ह्यांचं म्हणणं, "वसुधा, तू आयुष्यभर खूप केलंस. आता स्वतःसाठी वेळ काढ. वाच, गॅलरीत निवांत बस, चिंतन कर." आणि मग वर्तमानपत्र उलटता उलटता, "आईचंही बघता येईल तुला." मुलगा बंगलोरहून फोनवर म्हणाला, "आई, घेऊन टाक, मस्त मोकळी होशील." खालच्या मजल्यावरच्या बाईंनीही माझं अभिनंदन करून टाकलं. उत्तर सोमवारी द्यायचं होतं. मी म्हणत होते, मला जरा विचार करू द्या. पण डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत विचार करायची जागा म्हणजे मोरी, आणि तिथेही दार वाजवतात.

तेव्हा ह्यांनी कंपनीतल्या कुणाकडून तरी एक पत्रक आणलं. मुरबाडच्या पुढे धसईजवळ एका फार्महाऊसवर चार दिवसांचं मौन आणि चिंतन शिबिर. रोजच्या धावपळीतून स्वतःसाठी वेळ, वगैरे. ह्यांनी पैसेही भरून टाकले होते. सासूबाईंजवळ राहायला नणंद आली. ती यापूर्वी कधी आली नव्हती, पण मी घरी बसायचा विचार करायला निघालेय म्हटल्यावर लगेच आली.

धसई

धसईचा बाजार मला आवडला, हे आधी सांगते, कारण पुढे चांगलं सांगण्यासारखं थोडंच आहे. भाताच्या गोणी, वांगी, काकड्या, पानांत बांधलेल्या कसल्या कसल्या भाज्या, आणि सगळीकडे जोरजोरात बोलणारी माणसं. चहा घेतला आणि रिक्षावाल्याला पत्ता दाखवला. त्याने तो वाचलाही नाही.

"मुक्यांच्या बंगल्यावर ना? बसा."

बंगल्याच्या फाटकातच माझं घड्याळ काढून घेतलं आणि छातीवर एक बिल्ला लावला: 'मी मौनात आहे. कृपया माझ्याशी बोलू नये.' पंधरा-वीस माणसं होती, मुंबई-ठाण्याची. सगळ्यांचे कपडे नवे कोरे, पांढरे. शांतपणे विचार करायला पांढरे कपडे लागतात हे पत्रकात होतं. मी माझी रोजची फुलांची साडी नेसून गेले होते आणि त्या सगळ्यांच्या चेहऱ्यांवर माझ्याविषयी करुणा दिसत होती.

शिबिर घेणाऱ्या गृहस्थांना सगळे सर म्हणत. ते पूर्वी कुठल्यातरी कंपनीत पंखे विकायचे. आम्ही सगळे गप्प आणि ते एकटे बोलणारे. मौनाचं महत्त्व ह्या विषयावर सकाळी दोन तास बोलले आणि संध्याकाळी पुन्हा दोन तास. मधल्या वेळेत चिंतन, त्याला पंचवीस मिनिटं, घंटा वाजली की सुरू, घंटा वाजली की बंद. घंटा वाजल्यावर कुणी डोळे मिटून बसून राहिलं तर सर खांद्याला हात लावून उठवत, कारण पुढे नाश्ता असे.

मौनात असलेली माणसं इतकी बोलतात हे मला माहीत नव्हतं. ती चिठ्ठ्यांवर बोलत. मुलुंडचे एक बिल्डर होते, त्यांनी दिवसभरात वहीभर कागद संपवले असतील. गरम पाणी गरम नाही. उशी जाड आहे. शेजारचे घोरतात. जेवणात उकडलेला दुधी, कारण तिखटाने मन उसळतं. स्वयंपाकाला जवळच्या पाड्यावरच्या एक मावशी येत. त्या स्वतःसाठी मागच्या बाजूला तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी करून खात, आणि तो वास चिंतनाच्या वेळेला बरोबर आमच्याकडे यायचा. पंधरा-वीस माणसं डोळे मिटून नाकाने श्वास घेत असायची आणि सरांना वाटायचं की आमची प्रगती होते आहे.

सरांची शिकवण एकच होती. विचार येईल, त्याला येऊ द्या. जाईल, त्याला जाऊ द्या. धरू नका. आता मी तिथे गेले होते एक विचार धरायला. आयुष्यात एकदा, पूर्ण, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. इथे तर सगळेच सोडून द्यायचे होते. मी चिठ्ठी लिहून विचारलं, "मला सोमवारपर्यंत एक निर्णय घ्यायचा आहे. तो कसा घेऊ?" त्यांनी मंद हसून खाली लिहिलं, "निर्णय घेणारा कोण आहे, ह्याचा शोध घ्या." मी त्याखाली "आमचे हे" असं लिहून चिठ्ठी परत दिली. ते पुन्हा मंद हसले. त्यांना ते फार खोल वाटलं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला एकेक झाड वाटून दिलं. आपल्या झाडाखाली बसायचं आणि झाडाशी नातं जोडायचं. माझ्या आंब्यावर लाल मुंग्यांचं घरटं होतं. नातं मुंग्यांनीच जोडलं, मानेपासून कमरेपर्यंत. मी ओरडले ते धसईच्या बाजारापर्यंत गेलं असेल. सगळ्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे असं बघितलं जणू मी त्यांचा महिन्याचा पगार सांडला. सर आले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, वेदनेला फक्त बघा." मी मौन सोडलं ते तिथे. काय बोलले ते इथे लिहीत नाही. पिशवी भरली, घड्याळ परत मागून घेतलं आणि निघाले.

फाटकाशी मावशी भेटल्या. त्या थबकल्याच.

"चाललाव? आनि बोलता येतं तुमाला?"

"येतं की."

"मंग इतं कशाला आल्यावं?" त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, आणि मी रस्त्याला लागले.

मुरबाड ते शहापूर

घरी परत जाण्याचा प्रश्नच नव्हता. तिथे ह्यांनी दारातच विचारलं असतं, झाला का विचार? मला शोभा आठवली. शोभा जाधव, माझ्या शेजारच्या टेबलावर वीसेक वर्षं काढलेली. खर्डीहून रोज ठाण्याला यायची. दोन वर्षांपूर्वी पहिल्या फेरीत तिने निवृत्ती घेतली होती. तिचं कसं चाललंय ते बघावं, आणि जमलं तर तिच्याकडे शांत बसावं, असा हिशेब केला.

मुरबाडला शहापूरची एसटी मिळाली. कंडक्टर माझ्यासमोर आला, माझ्याकडे पाहिलं आणि एकदम हातवारे करायला लागला. बोटांनी रस्ता दाखवला, मग भुवया उंचावल्या, मग हवेत तिकीट फाडून दाखवलं. मला वाटलं, बिचाऱ्याला बोलता येत नसावं, सरकारने चांगलं केलं, नोकरी दिली. शेजारच्या बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि पुढच्या बाईंना म्हणाल्या, "चांगल्या घरची दिसत्ये. देवानं काय केलान बघ." तेव्हा माझं लक्ष छातीवरच्या बिल्ल्याकडे गेलं.

"एक शहापूर," मी म्हटलं.

शेजारच्या बाई दचकून खिडकीला चिकटल्या. कंडक्टर इतका रागावला की सुटे परत देताना त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. शहापूर येईपर्यंत गाडीत कुणी माझ्याशी बोललं नाही, आणि चार दिवसांत मला मिळालेलं खरं मौन तेवढंच.

शहापूरला भर दुपारी उतरले. कचेऱ्यांसमोर माणसांचे घोळके, वडापावच्या गाड्या, अर्ज लिहून देणारे. बिल्ला तिथल्याच एका कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि फोनच्या बूथवरून शोभाला फोन लावला. ती म्हणाली, "ये ना. विचारतेस काय? पण मी घरी असेन-नसेन, आई आहेत." ही निवृत्त बाई.

खर्डी

स्टेशनपासून रिक्षाने आत गेलं की शोभाचा पाडा. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, नुकती कापलेली, मागे जंगल. कौलारू घर, पुढे शेणाने सारवलेली पडवी, आत भिंतीवर फळीवर बुद्धाची मूर्ती आणि तिच्यापुढे ताजी फुलं. शोभाचे मिस्टर नोकरीवर कल्याणला जाऊन रात्री येत. घरात शोभाच्या सासूबाई, भागाबाई. अंगाने काडी, आवाजाने तोफ. "ठान्याची ना तू? शोभाच्या हापिसातली. बस गो बाय." मी बसले आणि त्याही शेजारी बसल्या.

त्या संध्याकाळी मला तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी मिळाली. मुक्यांच्या बंगल्यावरचा तोच वास. मन उसळेल तर उसळू दे म्हणून मी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

पण शोभाचं काय सांगू! ऑफिसात तिच्या टेबलावर कुणी भलतं काम ठेवलं तर ती ते दोन बोटांत उचलून परत नेऊन ठेवायची. इथे दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सकाळपासून तिच्या दारात रांग. कुणाचं शहापूरला रेशनकार्डाचं काम, कुणाच्या पोराची गणितं, बचतगटाची मिटिंग, विहाराच्या रंगकामाची वर्गणी, कुणाच्या मुलीला बघायला पाहुणे येणार म्हणून शोभाची खुर्ची आणि शोभा दोन्ही हव्यात. प्रत्येकाच्या बोलण्याची सुरुवात एकच: "तू आता रिकामीच हायस ना!" घरातलं सगळं आवरून वर हे. दिवसभरात ती एका जागी बसलेली मला दिसली नाही. निवृत्तीत बाईला स्वतःसाठी जो वेळ मिळतो म्हणतात, तो असा गावभर वाटलेला पाहून मला संताप आला.

शनिवारी सकाळी ती शहापूरला गेली कुणाबरोबर तरी, आणि मी ठरवलं, आता बास. पडवीत पाट घेतला, खांबाला टेकले, समोरच्या डोंगरावर नजर लावली आणि विचार करायला बसले.

थोड्या वेळात समोरच्या घरातले नामदेवबाबा आले. म्हातारे गृहस्थ, डोक्याला मफलर. काही न बोलता माझ्या शेजारी भुईवर बसले आणि बिडी पेटवली. मला वाटलं, भागाबाईंकडे आले असतील. पण ते माझ्याकडेच बसले होते. मी डोंगराकडे बघत होते तर तेही डोंगराकडे बघायला लागले. मग दोन बायका आल्या. "एकटीच बसलीस गो?" म्हणाल्या आणि दोन्ही बाजूंना बसल्या. मग आणखी एक. कुणी काही विचारत नव्हतं, नुसतं बसत होतं, उसासे टाकत होतं. एकीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी तो उचलून बाजूला केला तर तिने डोळ्यांना पदर लावला.

दुपारी त्यातली एक घरी जाऊन परत आली. हातात झाकलेली पितळी. "खा गो. दोन घास खाल्लेच पायजेत." गरम पिठलं आणि भाकरी. पिठलं मला आवडतं. मी म्हटलं, माणसं अगत्यशील दिसतात, आणि खाल्लं. अजून एक ताट आलं. त्यातही पिठलंच. तिसरं आलं तेव्हा मात्र माझ्या डोक्यात काहीतरी वाजलं. पिठलं-भाकरी शेजाऱ्यांनी आणून आग्रहाने भरवायची कधी असते? ज्या घरात मयत झालं, चूल पेटलेली नाही, तेव्हा.

नामदेवबाबांनी इतक्या वेळात पहिल्यांदा तोंड उघडलं. "मालक गेलं काय गो?"

"मालक ठणठणीत आहेत!"

"मंग सासू?"

"सासू अंथरुणात आहेत. पण आहेत."

"मंग कोन गेला?"

"कुणीही गेलेलं नाही! मी विचार करतेय!"

पिठलं आणणाऱ्या बाईने ताटाकडे पाहिलं, ते रिकामं होतं, परत तरी काय देणार. मग ती भागाबाईंना म्हणाली, "इचार करत्ये म्हनं."

"इचार करत्ये म्हंजे कायतरी झालाच असंल," भागाबाई म्हणाल्या. "उगाच कोन करतो?"

आमच्याकडे बघा. आमच्या इमारतीत कुणी गेलं तर शेजारी फोन करून विचारतात, किती वाजता नेणार, म्हणजे लिफ्ट अडकायला नको. इथे हातात काम नसताना बाई नुसती डोंगराकडे बघत बसली म्हणजे तिचं कुणीतरी मेलं आहे, आणि तिला एकटं सोडायचं नाही, असा सरळ रिवाज. वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पण ज्या बाईचं कुणी मेलेलं नाही तिने करायचं काय? तिला ह्या रिवाजात जागाच नाही.

शेवटी मी खरं काय ते सांगितलं. नोकरी सोडायची की नाही, सोमवारी सांगायचंय. वाटलं होतं, एवढंच होय म्हणून उठून जातील. उलट सगळे आणखी जवळ सरकले. नोकरी जाणं हे मरणापेक्षा मोठं निघालं. नामदेवबाबा म्हणाले, पगार सोडू नये. पिठलंवाली म्हणाली, घरात म्हातारं माणूस हाय तर सूनच पायजे. तिसरी म्हणाली, पोरगा कमावतो ना, मंग कशाला मरत्येस? ह्यावरून दोन बायकांचं जुंपलं आणि त्यातून कुणाच्या तरी सुनेचं जुनं भांडण निघालं. तिन्हीसांजेला विहारात वंदनेची वेळ झाली तेव्हा ती मंडळी उठली, आणि उठताना प्रत्येकाने मला वेगळं उत्तर दिलं. माझं डोकं भणभणत होतं. डोंबिवलीत निदान सल्ला देणारे चारच होते.

शोभा परत आली तेव्हा ही कथा वाटेतच तिच्या कानावर आली होती. ती हसून हसून खाली बसली. मला तिचा रागच आला. भागाबाई मात्र हसल्या नाहीत. "शोभे, उद्या हिला राखनीला ने. हितं मानसं सोडायची नायत हिला."

राखण म्हणजे पिकलेल्या भाताची. दाणा भरला की पोपट आणि चिमण्या दिवसभर टपलेल्या असतात, त्यांना हाकलायला शेतात माळ्यावर बसायचं. आणि राखणीला बसलेल्या माणसाकडे कुणी गप्पा मारायला फिरकत नाही, कारण त्याचं लक्ष उडालं आणि पाखरं उतरली तर नुकसान बोलणाऱ्याच्या माथी. हे सगळं ठीक. पण मी येताना डोळ्यांनी पाहिलं होतं.

"पण आई, तुमचं भात तर कापून झालंय ना?"

"झालाय," भागाबाई म्हणाल्या. "मंग? राखायचा नाय काय?" आणि त्या माझ्याकडे इतक्या निर्विकार बघत राहिल्या की मी मान डोलावली.

माळ्यावर

रविवारी सकाळी आम्ही निघालो. शोभाने डोक्याला टॉवेल बांधला, हातात पत्र्याचा डबा आणि काठी घेतली. वाटेत नामदेवबाबा भेटले.

"राखनीला काय?"

"हां बाबा, राखनीला."

"जा, जा," ते म्हणाले आणि बाजूला झाले. काल दिवसभर माझ्या मांडीला मांडी लावून बसलेला माणूस. आज एक प्रश्न नाही.

शेतात फक्त भाताचे खुंट. बांबूचा माळा तेवढा मध्ये उभा. आम्ही चढून बसलो. खाली दोन-चार साळुंक्या सांडलेले दाणे टिपत होत्या. शोभाने डब्यावर काठी मारली. त्या उडून थोड्या पलीकडे जाऊन बसल्या. "झालं," ती म्हणाली. "आता बारापर्यंत कुणी येत नाही." भात कापून आठवडा झाला होता आणि तरी जमेल त्या सकाळी ती येतच होती. सगळ्या पाड्याला माहीत होतं. जी माणसं बाईला रिकामी बसू देत नाहीत ती राखणीला बसू देतात, मग राखायला काही असो वा नसो. ह्या ढोंगाला हसावं की हात जोडावेत हे मला अजून कळलेलं नाही. पण एवढं खरं, की सरांच्या घंटेपेक्षा तो डबा बरा होता.

मग मी विचार केला. खोटं कशाला सांगू, पहिला तासभर माझ्या डोक्यात जे आलं ते असं: नणंद आमटीत गूळ फार घालते. गॅसचा नंबर लावायचा राहिला. मुंग्या चावलेलं अजून खाजतंय. महिनाभर ज्या शांततेसाठी मी जीव टाकत होते तिच्यात शिरल्यावर मला गॅसचा नंबर आठवला. शोभा दुसऱ्या टोकाला पाय सोडून बसली होती आणि काहीच करत नव्हती. तिचा चेहरा मात्र ऑफिसातल्यासारखा झाला होता, दोन वर्षांनी मला ओळखीचा.

"तू पस्तावतेस का गं?" मी विचारलं.

"रोज नाही," ती म्हणाली. "सही केली ना, त्याच्या आदल्या दिवशी घरात सगळे आनंदात होते. मला वाटलं, एवढे सगळे खूश आहेत तर बरोबरच असेल." मग तिने माझ्याकडे मान वळवली. "तुझे मिस्टर अजून नोकरीत आहेत ना? किती राहिली त्यांची?"

"तीन-चार वर्षं."

"त्यांच्या कंपनीत नाही आली ही स्कीम?"

"आली ना. दिवाळीच्या आधीच आली. मुदत अजून आहे."

"मग?"

मग काय? आई कुणाची? त्यांची. गॅलरीत निवांत बसायची हौस कुणाला? त्यांना. चिंतनाची गोडी कुणाला? पत्रक कुणी आणलं? महिनाभर ह्यांनी विचार केला, मुलाने केला, नणंदेने केला, पंखेवाल्या सरांनी वेदनेला बघायला सांगितलं, अख्ख्या पाड्याने पिठलं भरवून सल्ले दिले, आणि ह्यांनी नोकरी सोडावी हे एकाच्याही मनात आलं नाही. ह्यांच्या तर नाहीच. आणि सगळ्यात संताप मला ह्याचा आला, की माझ्याही मनात आलं नव्हतं. मी इतकी चिडले की डबा घेतला आणि काठीने बडवला, बडवतच सुटले. साळुंक्या पार जंगलात गेल्या.

"अगं, हळू," शोभा म्हणाली. "आहेच काय इथे राखायला?"

"मला हवंय ते आहे," मी म्हटलं आणि मला रडू आलं. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, काही विचारलं नाही. तिला राखणीचे नियम माहीत होते. आम्ही बारापर्यंत तशाच बसलो.

डोंबिवली

संध्याकाळी घरी पोचले. ह्यांनी पिशवी हातातून घेतली. चार दिवसांत घराची कळा गेली नव्हती, नणंदेने सासूबाईंना न्हाऊ घातलं होतं, सगळं व्यवस्थित होतं. म्हणजे माझ्यावाचून होतं.

"काय, झाला का शांतपणे विचार?" ह्यांनी विचारलं. आवाज अगदी मऊ.

"झाला. मी नोकरी सोडत नाही."

ह्यांचा चेहरा पडला. "अगं, पण आईचं..."

"तुम्ही सोडा. तुमच्या कंपनीत योजना आहे. तुम्हीही आयुष्यभर खूप केलंत. आता स्वतःसाठी वेळ काढा. वाचा, गॅलरीत निवांत बसा. आईंचंही बघता येईल तुम्हाला."

आत सासूबाईंच्या खोलीत नणंदेच्या हातातलं भांडं पडलं. हे खुर्चीवर बसले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. शेवटी म्हणाले, "असं एकदम कसं सांगतेस? हे काय सोपं आहे? मला जरा विचार करायला वेळ हवा."

मी म्हटलं, "घ्या की."

सोमवारी मी ऑफिसात जाऊन नाही म्हणून सांगितलं, त्याला अर्धं मिनिटही लागलं नाही. सासूबाईंजवळ दिवसा एक बाई येते. ती पहिल्या दिवसापासून येऊ शकली असती. ह्यांच्या कंपनीच्या योजनेची मुदत केव्हाच संपली, पण विचार अजून चालू आहे. रोज संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून करतात आणि चहा तिथेच मागवतात. मी आणून देत नाही. चहा हवा असेल तर विचार सोडून आत यावं लागतं.